तिथं दुखत नाही

"आजी, तुम्ही रोज इथंच टोचता ना?" नर्सनं विचारलं आणि आत्यानं नजर भिंतीकडे वळवली. सांगलीतल्या एका दवाखान्याची ती आतली खोली. पडद्याआड उंच लोखंडी खाट, स्पिरिटचा वास, बाहेर नंबर पुकारणाऱ्याचा आवाज. आत्याची साखर काही केल्या ताळ्यावर येत नव्हती, म्हणून नव्या डॉक्टरांना दाखवायला आणलं होतं. त्यांनी औषध बदलायच्या आधी, इन्शुलिन कसं घेता ते जरा नर्सला दाखवा, म्हणून आत पाठवलं. मुलगी वयानं लहान, नुकतीच कामाला लागलेली असावी. तिनं आत्याला इन्शुलिनचं पेन धरायला लावलं, सुई बदलता का विचारलं, आणि मग हाताला थोडं जेल लावून, बोटं सपाट ठेवून पोटावरून सावकाश फिरवत नेली. बेंबीच्या डाव्या बाजूला तिचा हात थांबला. मागे आला, पुन्हा थांबला. मग तिनं माझाच हात धरून तिथं ठेवला. वरून पाहिलं तर जेमतेम कळेल एवढा उंचवटा होता. बोटांखाली मात्र स्पष्ट लागत होतं. कणीक मळताना आत कुठंतरी न भिजलेली गाठ राहून जावी, तसं काहीतरी घट्ट आणि हलकेच सरकणारं. आत्या हळू आवाजात म्हणाली, "तिथं दुखत नाही गं."

तिला ती गाठ माहीत होती. कधीपासून, ते तिनं सांगितलं नाही. आंघोळीच्या वेळी हाताला लागायची, आणि काहीतरी भलतंसलतं निघेल या भीतीनं तिनं कुणाला दाखवली नव्हती. पण सुई टोचायला तीच जागा बरी वाटायची. बाकीच्या पोटावर चुरचुरायचं, इथं टोचलेलं कळायचंही नाही. नर्सनं समजावून सांगितलं की हे इन्शुलिनमुळेच होतं, एकाच जागी टोचत राहिलं की तिथली चरबी वाढते, आणि अशा गाठीतून औषध नीट रक्तात उतरत नाही. कधी थोडंच उतरतं, कधी एकदम.

मी जागच्या जागी उभी राहिले. कारण त्या एका वाक्यात मागच्या दोन-तीन वर्षांचा सगळा हिशेब लागत होता. तोच डोस, तीच भाकरी, तीच वेळ, आणि तरी एका सकाळी साखर तीनशेच्या पुढे, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घामानं डबडबून हात थरथरताहेत, जीभ जड झालीय, कुणीतरी पळत जाऊन साखरेचं पाणी आणतंय. आधीच्या डॉक्टरांनी फाईलवर 'पथ्य पाळत नाहीत' असं लिहून ठेवलं होतं. नातेवाइकांनी तर निकालच लावला होता: तोंड आवरत नाही, चोरून खात असणार. आत्या पहिल्यापासून अंगानं भरलेली. त्यामुळे हा निकाल सगळ्यांना पटायलाही सोपा गेला. लग्नाच्या पंगतीत तिच्या ताटाकडे लोक बघायचे. तिनं जिलेबी स्वतःहून बाजूला सारली तरी, "आत्या, आज कसं काय?" असं कुणीतरी विचारायचंच. मी तिच्याकडे राहिले आहे, तिचा डबा पाहिला आहे, तिची नाचणीची आंबील आणि मोजून वाढलेला भात पाहिला आहे. ती चोरून खात नाही हे मला माहीत होतं. पण मग साखर अशी का वागते, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं.

उत्तर तिच्या पोटावर, कातडीखाली दोन इंच जागेत होतं.

घरी आल्यावर मला राहून राहून आठवत होती ती कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. ऊतींच्या काचपट्ट्या बघायच्या त्या तासाला चरबीच्या ऊतीची काचपट्टी आली की आम्ही पटकन उरकायचो. चित्र काढायला सगळ्यात सोपी. पांढरी रिकामी वर्तुळं एकाला एक चिकटलेली, कडेला बारीकशी गुलाबी रेघ, आणि त्या रेघेत कुठंतरी कडेला ढकललेलं जांभळं केंद्रक. बस. मॅडमनी एकदा सांगितलं होतं की ही वर्तुळं रिकामी नाहीत. काचपट्टी तयार करताना ऊतीला अल्कोहोल आणि झायलीनमधून काढावं लागतं, आणि त्यात आतली सगळी चरबी विरघळून वाहून जाते. उरते ती नुसती भोवतालची चौकट. चरबी पाहायची असेल तर ऊती गोठवून कापावी लागते आणि 'ऑइल रेड ओ'सारखा रंग द्यावा लागतो, तेव्हा कुठं तो थेंब लालभडक उठून दिसतो. आम्ही मान डोलावली आणि वहीत रिकामी वर्तुळंच काढली. बेडकाच्या विच्छेदनातही तसंच. पोट उघडलं की वृषणांच्या वरच्या टोकाला पिवळीधमक, बोटांसारखी फुटलेली चरबीची पिंडं दिसायची. काय सुंदर पिवळा रंग तो, त्या सगळ्या करड्या-लाल पसाऱ्यात एवढाच उजळ. पण ती बाजूला सारायची, कारण खाली वृक्क, म्हणजे मूत्रपिंडं, आणि मूत्रजननसंस्था दाखवायची असायची आणि गुण तिचे असायचे. पाऊस येईपर्यंत बेडूक जमिनीखाली महिनोन्महिने काही न खाता काढतो, आणि बाहेर येऊन प्रजननाला भिडतो, तो ज्याच्या जोरावर, तेच आम्ही चिमट्यानं उचलून ट्रेच्या कडेला ठेवत होतो.

चरबीची पेशी म्हणजे बहुतांशी एकच थेंब. पेशीचा व्यास साधारण मिलिमीटरचा दहावा भाग, पण तो कितीतरी वाढू शकतो. बाकीचं सगळं, केंद्रक, ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, ते त्या थेंबाच्या कडेला पातळशा थरात दाटीवाटीनं बसलेलं. थेंबात असतं ट्रायग्लिसराइड, म्हणजे ग्लिसरॉलचा एक रेणू आणि त्याला जोडलेली तीन मेदाम्लं. जेवण झालं, रक्तात साखर चढली, स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटलं, की ते या पेशीच्या पृष्ठभागावरच्या आपल्या ठरलेल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन बसतं. आत काही शिरत नाही. बाहेर बसल्या बसल्याच आत हालचाल सुरू होते. साखर आत घेणारी प्रथिनं पेशीच्या पोटातून उठून पृष्ठभागावर येतात. शेजारच्या केशवाहिनीच्या भिंतीवर एक एन्झाइम काम करू लागतं, रक्तातून वाहत आलेल्या चरबीचे तुकडे करतं, आणि ते तुकडे पेशीत शिरून पुन्हा जुळतात. त्यासाठी लागणारं ग्लिसरॉलही आत आलेल्या साखरेपासून पेशीच तयार करते. आणि साठलेली चरबी बाहेर काढायची जी वाट आहे, ती इन्शुलिन त्याच वेळी बंद करून टाकतं. ठेव, आणखी ठेव, काढू नकोस. एवढाच निरोप.

आता विचार करा, हाच निरोप रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं, सुईच्या टोकानं थेट त्याच पेशींच्या दारात येऊन पडतोय. रक्तात मिसळल्यावर इन्शुलिन सगळ्या शरीरभर वाटलं जातं, पण टोचलेल्या जागी ते कितीतरी पटींनी दाट असतं. तिथल्या पेशींनी काय करावं? त्यांनी ऐकलं. त्या फुगत गेल्या, मधूनमधून तंतू दाटत गेले, रक्तवाहिन्या विरळ झाल्या, बधिरपणा आला. आत्याच्या पोटावरची ती गाठ म्हणजे आज्ञापालनाचा पुरावा होता. बेशिस्तीचा नव्हे. इन्शुलिन १९२१ मध्ये टोरांटोत सापडलं, पुढच्याच वर्षी पहिल्या रुग्णाला टोचलं गेलं, आणि पुढं कित्येक दशकं ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून मिळवलं जायचं. त्या काळात याच्या उलटही दिसायचं: औषध पुरेसं शुद्ध नसल्यानं टोचल्या जागची चरबी झडून खळगे पडायचे. शुद्ध इन्शुलिन आल्यावर खळगे दुर्मीळ झाले. गाठी मात्र राहिल्या, कारण गाठींचं कारण अशुद्धी नाहीच. इन्शुलिन आपलं काम करतंय, हेच त्यांचं कारण.

निरोप देणारं इन्शुलिन एकटं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आत्या रात्रभर जागी होती. धान्याचे डबे, गाद्या, फोटो, देव, सगळं माळ्यावर चढवत होती. खाल्लं काहीच नव्हतं. त्या वयात, त्या गुडघ्यांनी ती शिडी किती वेळा चढली-उतरली याचं तिलाच नंतर नवल वाटलं. अशा वेळी ॲड्रेनालिन आणि त्याचंच भावंड नॉरॲड्रेनालिन ही रसायनं त्याच चरबीच्या पेशींवर येऊन बसतात, दुसऱ्या रिसेप्टरवर. त्यांचा निरोप उलटा असतो. आत 'सायक्लिक एएमपी' नावाचा एक छोटासा रेणू तयार होऊ लागतो. बाहेरचा निरोप आत पोहोचवणारा हा रेणू अर्ल सदरलंड यांनी शोधला आणि १९७१ चं नोबेल त्यांना मिळालं. चरबीच्या थेंबावर पेरिलिपिन या प्रथिनाचं आवरण असतं. एरवी ते कुणाला जवळ येऊ देत नाही. हा निरोप आला की त्याच आवरणात बदल होतो, एन्झाइमना थेंबापर्यंत वाट मिळते, आणि एकामागून एक तीन एन्झाइम तीन मेदाम्लं सोडवतात. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून स्नायूंकडे, हृदयाकडे निघतात. उरलेलं ग्लिसरॉल यकृतात जाऊन त्याची साखर होते. पुराच्या त्या रात्री शिडी चढणाऱ्या पायांना पोटावरच्या, मांड्यांवरच्या याच पेशी पुरवठा करत होत्या. ज्या पेशींबद्दल तिनं जन्मभर ऐकून घेतलं त्याच.

आणि उपास? आत्याचे उपास कमी झाले आता, डॉक्टरांनीच बंद केले. पण आमच्या घरात एकादशी, चतुर्थी, नवरात्र म्हणजे साबुदाणा भिजवण्याचं निमित्त. खरोखर पोट रिकामं राहिलं तर काही तासांत इन्शुलिन खाली येतं, बंद वाट उघडते आणि चरबी हळूहळू सुटू लागते. दोन वाट्या खिचडी खाल्ली की साबुदाण्याच्या पिठूळ पदार्थाची साखर होते, इन्शुलिन चढतं, वाट पुन्हा बंद. हे मी टीका म्हणून सांगत नाही. दाण्याचं कूट, जिरं, तुपावर परतलेली मिरची, त्या वासाशी माझं बालपण जोडलेलं आहे आणि ते सोडायची माझी तयारी नाही. फक्त पेशीला तिथी कळत नाही. तिला कळतं ते रक्तातून काय आलं एवढंच.

पेशी नुसती ऐकत नाही, ती बोलतेही. माणसाला हे फार उशिरा कळलं. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये एका उंदरांच्या वंशात विलक्षण लठ्ठ पिल्लं निपजली. ती सतत खायची. पुढं त्याच प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांचा आणखी एक वंश सापडला. डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदरांचा रक्तप्रवाह शस्त्रक्रियेनं जोडला. पहिल्या वंशातला लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला तर तो कमी खाऊ लागला, त्याचं वजनही कमी वाढलं. दुसऱ्या वंशातला जोडला तर लठ्ठ होता तसाच राहिला आणि शेजारचा साधा उंदीर अन्न सोडून उपाशी मेला. म्हणजे 'आता पुरे' असं सांगणारं काहीतरी रक्तातून जातं. एका वंशात ते तयारच होत नाही, दुसऱ्यात भरपूर होतं पण मेंदूला ते ऐकू येत नाही. ते काय आहे, हे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं. लेप्टिन. आणि ते तयार होतं चरबीच्या पेशीत. ज्या ऊतीला आम्ही वहीत रिकामी वर्तुळं म्हणून काढत होतो ती मेंदूला निरोप पाठवत होती.

त्यानंतर तीन वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांना एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन भावंडं सापडली, चुलत-मावस नात्यातली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. उपचार सुरू झाले तेव्हा त्यातली मुलगी ९ वर्षांची होती आणि तिचं वजन ९४ किलोंच्या वर. तिला भूक लागायची ती भागायचीच नाही. मी त्या घराचा फार विचार करते. आपल्याकडचीच म्हणावी अशी माणसं. त्या मुलीला काय काय ऐकावं लागलं असेल, तिच्या आईला काय ऐकावं लागलं असेल. काय खायला घालता हिला? लाडावून ठेवलीय. तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि वर्षभरात वजन १६ किलोंहून अधिक उतरलं. कुणी तिला शिस्त लावली नव्हती. जो निरोप तिच्या पेशींना धाडताच येत नव्हता तो बाहेरून दिला, एवढंच.

अशी माणसं जगात फार थोडी आहेत. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्तच असतं, मेंदूवरचा त्याचा परिणाम मात्र ओसरलेला असतो. म्हणून लेप्टिन हे काही वजन उतरवायचं औषध ठरलं नाही. पण दुसरी बाजू तितकीच खरी. कुणी कष्टानं वजन उतरवलं की पेशी लहान होतात, लेप्टिन घसरतं, आणि मेंदूला वाटतं दुष्काळ आला. भूक वाढते. जेवणाचा विचार डोक्यातून जात नाही. आत्यानं तिच्या चाळिशीत एकदा बरंच वजन कमी केलं होतं, सगळ्यांनी कौतुक केलं होतं, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते परत आलं तेव्हा त्याच सगळ्यांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुकाट केला होता.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये चरबीच्या पेशींचं वय काढलं, त्याची रीत वाचून मी थक्क झाले होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यानं हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सारी रूप, जवळजवळ दुप्पट झाला, आणि चाचण्या थांबल्यावर वर्षागणिक उतरत गेला. तो झाडांत गेला, झाडांतून अन्नात, अन्नातून आपल्यात. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएत त्या वर्षीचा कार्बन पक्का होतो. म्हणजे पेशी कधी जन्मली ते वाचता येतं. त्यांना दिसलं की या पेशींची संख्या लहानपणी आणि वयात येताना ठरते, मोठेपणी फारशी बदलत नाही. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. शस्त्रक्रिया करून भरपूर वजन उतरलेल्यांतही संख्या तशीच होती, पेशी फक्त आक्रसल्या होत्या. आतली चरबी मात्र पेशीपेक्षा कितीतरी लवकर बदलते, सरासरी दीडेक वर्षात. साठा म्हटलं की काहीतरी जुनं, साचलेलं, हलत नसलेलं डोळ्यापुढं येतं. प्रत्यक्षात तिथं सारखी ये-जा चालू असते.

आत्याला नर्सनं पोटाचे आणि मांड्यांचे भाग पाडून एक तक्ता काढून दिला. या आठवड्यात इथं, पुढच्या आठवड्यात तिथं, दोन टोचण्यांत बोटभर अंतर, दरवेळी नवी सुई, आणि गाठीला काही महिने हात लावायचा नाही. डॉक्टरांनी डोस कमी केला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गाठीतून अडखळत उतरणारं औषध चांगल्या जागेतून पूर्ण उतरतं आणि जुनाच डोस ठेवला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. पहिले काही दिवस आत्या वैतागली. नव्या जागी दुखायचं. मग साखरेच्या वहीतले आकडे एकमेकांजवळ येऊ लागले. ती वही तिनं कुणाला दाखवली नाही, माझ्यासमोर मात्र उघडून ठेवली. मला आनंद झाला आणि रागही आला. वर्षानुवर्षं ती दर दोन महिन्यांनी दवाखान्यात जात होती. रक्त घेतलं जायचं, रिपोर्ट यायचा, डोस वाढायचा, चार शब्द ऐकवले जायचे. इन्शुलिन टोचता ती जागा दाखवा, असं एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. बोटं फिरवायला मिनिट लागलं असतं.

आता काकांबद्दल लिहायलाच हवं. माझे धाकटे काका आत्याच्या अगदी उलट. काडीसारखे हातपाय, शर्ट खांद्यावरून घसरायचा. पंगतीत त्यांना आग्रह करकरून वाढलं जायचं. आत्याला नको असलेला उपदेश आणि काकांना नको असलेला लाडू, एकाच पंक्तीत. काकांना मधुमेह चाळिशीच्या आतच निघाला आणि घरात कुणाचा विश्वास बसेना. एवढ्या बारीक माणसाला साखर? सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली तेव्हा तर रिपोर्ट बदलला असेल असंच सगळ्यांना वाटलं. त्यांच्या पोटाचा थोडासा पुढं आलेला भाग आम्ही कधी मोजलाच नव्हता.

ज्यांच्या शरीरात जन्मतःच चरबीची ऊती जवळजवळ नसते अशी माणसं असतात. कातडीखाली स्नायू आणि शिरा रेखल्यासारख्या दिसतात, पाहणाऱ्याला वाटावं काय कमावलेलं शरीर. पण खाल्लेल्या अन्नातली चरबी ठेवायला जागाच नसल्यानं ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते, आणि त्यांना अतिशय कडक मधुमेह होतो. अमेरिकेत असेच चरबीविना उंदीर तयार करून, त्यांच्यात २००० साली निरोगी उंदरांची चरबी कातडीखाली बसवली, आणि त्यांचा मधुमेह मागे हटला. चरबी घातल्यानं मधुमेह गेला! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आत्या आणि काका दोघंही डोळ्यांपुढं आले. कातडीखालची पेशी चरबी आपल्यात घेते तेव्हा ती यकृताला आणि हृदयाला वाचवत असते. तिथली जागा अपुरी पडली की चरबी नको तिथं जाते. काकांना कातडीखाली जागाच थोडी असावी.

काकांसारख्या बारीक माणसांना असा मधुमेह का होतो, याचा शोध पुण्यात चाललेला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघंही सडपातळ. पण त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या ६ गावांत बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली होती. लग्न झालेल्या, त्या वेळी गरोदर नसलेल्या. त्या शेतात राबायच्या, पाणी आणायच्या, त्यांचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडात साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. आठशे ग्रॅम कुठं कमी पडले ते मोजलं तेव्हा दिसलं की ते स्नायूंत कमी पडले, पोटातल्या अवयवांत कमी पडले. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरलेली चरबी मात्र त्या मानानं फारच थोडी घटली होती. पुणे आणि लंडनच्या बाळांच्या नाळेच्या रक्ताची तुलना केली, तर वजनात एवढा फरक असून लेप्टिन जवळजवळ सारखं निघालं आणि पुण्याच्या बाळांत इन्शुलिन जास्त. म्हणजे आपली बारीक बाळं जन्मतःच चरबी राखून येतात. आईच्या पोटात अन्न कमी पडत असताना काय वाढवायचं आणि काय थांबवायचं याचे निर्णय झालेले असतात. त्या निर्णयांत मेंदू जपून वाचवला जातो, आणि चरबीही वाचते.

माझी आजी आईच्या आणि काकांच्या पिढीच्या बाळंतपणांबद्दल सांगायची तेव्हा दुष्काळी सालांचे उल्लेख यायचे, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, लालसर भाकरीचे यायचे. घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर बायकांनी खरवडून खाल्लेल्या भांड्यांचे यायचे. काका त्यातल्याच एका सालचे. त्यांच्या पेशींना निरोप तेव्हाच मिळाले असावेत असं मला वाटतं. सिद्ध करायला आता कुणी उरलेलं नाही.

त्या ६ गावांत ज्या बायका गरोदरपणी पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं आकारानं मोठी निपजली. पुढं मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा दिसलं की ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं बी-जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांत चरबी जास्त आणि इन्शुलिनचा परिणाम कमी होता. मग त्याच मुला-मुलींना, ती वयात आल्यावर, लग्नं व्हायच्या आधीपासून बी-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकं देऊन बघायचं ठरलं. त्यांना बाळं होतील तेव्हा ती कशी निपजतात हे पाहण्यासाठी. १९९३ नंतर त्या गावांत जन्मलेली ती बाळं आता आई-बाप होण्याच्या वयाची आहेत, आणि मोजमाप पुढच्या पिढीवर आलं आहे. बाळ जन्मल्याबरोबर वजन, डोक्याचा घेर, दंडाचा घेर आणि खांद्याच्या हाडाखाली, चिमटीत धरून, कातडीची जाडी.